बोटं उघडी ठेवा

प्रथमोपचाराच्या वर्गात मोडलेल्या हाडाचा विषय निघाला की समोर बसलेल्यांपैकी दोघं-चौघं तरी ठामपणे सांगतात, 'हात लावायचा नाही, १०८ला फोन करायचा.' उत्तर चूक नाही. पुण्यात भर रस्त्यात कुणी दुचाकीवरून पडलं आणि नडगी मोडली, तर हेच करावं. थोड्या वेळात गाडी येते, तिच्यात सामान असतं, शिकलेली माणसं असतात. पण हेच वाक्य हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत किंवा धडगाव तालुक्यात डांबरी रस्ता न पोचलेल्या एखाद्या पाड्यावर उच्चारून पाहावं. १०८ची गाडी येते ती पायथ्यापर्यंत. तिथून माणसं वर चढणार, जखमीला घेऊन उतरणार. धडधाकट माणूस जी वाट दोन तासांत उतरतो ती स्ट्रेचर खांद्यावर असताना सहा-आठ तास खाते. या सहा-आठ तासांत 'हात लावायचा नाही' म्हणजे नेमकं करायचं काय, याला त्या नियमाकडे उत्तर नाही, कारण नियम करणाऱ्यांनी हे तास हिशेबात धरलेलेच नव्हते. हे शिकवण्यात बरीच वर्षं गेल्यावर माझं मत असं बनलं आहे की, मदत लांब असेल तिथे मोडलेलं हाड बांधलंच पाहिजे आणि जो जवळ आहे त्यानेच बांधलं पाहिजे. मात्र बांधून झालं की खरं काम सुरू होतं. आपल्या शिकवण्यात नेमकं तेच गळतं.

बांधायचं कशासाठी, हे आधी. हाड मोडतं तेव्हा त्याची टोकं खडूसारखी सरळ तुटत नाहीत. ती बहुधा तिरकी, धारदार असतात, आणि त्यांच्याभोवती स्नायू, शिरा, मज्जातंतू दाटीने असतात. मांडीचे स्नायू तर दुखण्याने आवळले जातात आणि तुटलेली टोकं एकमेकांवर चढवतात. जखमीला जरा हलवलं, कूस बदलली, दगडावरून उचललं की ही टोकं आत फिरतात. तेवढ्याने नवा रक्तस्राव सुरू होतो, आणि आतून टोचणारं टोक कातडी फोडून बाहेरही येऊ शकतं. मग जे मोडणं झाकलेलं होतं ते उघडं होतं, आणि उघड्या जखमेतून हाडात जंतू शिरला तर ते दुखणं महिनोन् महिने पुरतं. प्रौढाच्या अंगात रक्त साधारण पाच लिटर. एका मांडीच्या हाडाभोवती, बाहेर थेंबही न सांडता, लिटर-दीड लिटर साठू शकतं. नडगीभोवती अर्ध्या लिटरच्या आसपास. पाय सुजलेला दिसतो, रक्त दिसत नाही, म्हणून बघणाऱ्याला धीर असतो; तो धीर खोटा असतो. शहरात हाड मोडलेला माणूस हलतो दोनदा, गाडीत चढवताना आणि उतरवताना. डोंगरातला माणूस हलतो पावलापावलाला, तेही सहा तास.

त्यात आपल्याकडची वाहायची तऱ्हा. सातपुड्यात काय, पालघर-गडचिरोलीच्या दुर्गम भागात काय, आजारी माणसाला एका बांबूला चादर बांधून झोळीतून नेतात. ताप आलेल्याला किंवा साप चावलेल्याला झोळी चालून जाते. मांडी मोडलेल्याला मात्र ती छळते, कारण झोळीत माणूस धनुष्यासारखा वाकतो आणि नेमका कंबर ते गुडघा हाच भाग दर पावलाला हिंदकळतो. घरातली बाज उलटी करून तिच्यावर गोधड्या अंथरल्या, किंवा दोन बांबूंत पोती ओवून सपाट तराफा केला, तर फरक पडतो; पण चढ-उताराच्या पायवाटेवर बाज वळत नाही आणि शेवटी झोळीच हाती येते. म्हणजे वाहन जितकं वाईट, तितकं बांधणं चांगलं हवं. 'आम्ही त्याला अलगद उचलून आणलं' असं लोक मोठ्या मायेने सांगतात. माया खरीच असते. पण तीन तास अलगद उचलणं माणसाच्या हातांना जमत नाही, काठीला जमतं.

डॉक्टर नसलेल्यांनी बांधावं का, या शंकेला शंभर वर्षांपूर्वी युद्धभूमीवर उत्तर मिळालेलं आहे. ह्यू ओवेन थॉमस या लिव्हरपूलच्या शल्यवैद्याने १८७५ साली प्रसिद्ध केलेली लोखंडी कडीची आणि दांड्यांची पायपट्टी मुळात गुडघ्याच्या क्षयासाठी होती. त्याच्या हयातीत तिला फारसं कुणी विचारलं नाही. पहिल्या महायुद्धात त्याच्या पत्नीचा भाचा रॉबर्ट जोन्स याने ती मांडीच्या मोडीसाठी पुढे आणली, आणि ती बांधायला शिकवलं ते स्ट्रेचर वाहणाऱ्या शिपायांना. कवायतीसारखं, ठरावीक क्रमाने, पॅन्ट-बूट न काढता. मांडीच्या हाडाच्या जखमांनी होणारे मृत्यू त्यानंतर झपाट्याने उतरले. शेकडा ८० वरून २० च्या खाली, हा नेहमी सांगितला जाणारा आकडा. मी तो वर्गात सांगताना जरा हात राखूनच सांगतो, कारण त्याच वर्षांत शस्त्रक्रियाही सुधारल्या, रक्त देण्याची सोय झाली, आणि सगळं श्रेय एका लोखंडी दांडीला देणं बरोबर नाही. पण एवढं त्यातून नक्की निघतं की, जखमी माणूस हलवण्याआधी त्याचं हाड जागच्या जागी धरणं हे काम वैद्यकीय कॉलेज न पाहिलेले शिपाई, गोळीबार चालू असताना करू शकले. आपल्या गिर्यारोहक पोरांना आणि पाड्यावरच्या आशाताईंना ते जमणार नाही असं मानायला काही आधार नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. अस्थिरोगतज्ज्ञ म्हणतात, 'बाबांनो, तुम्ही बांधायला शिकवता, आणि आमच्याकडे येतात ते बांधून काळे पडलेले हात.' हा आक्षेप मला कधीच उडवून लावता आलेला नाही. आपल्या गावोगावी हाडवैद्य आहेत. आंध्रातल्या पुत्तूरला तर त्यासाठी लांबलांबून रांगा लागतात. त्यांच्या बोटांना हाडाची जाण असते, कित्येकांचं ते बरंही करतात. (थॉमसचं घराणंही पिढ्यान् पिढ्या हाडं बसवणाऱ्यांचंच, डिग्री त्याने पुढे घेतली. तेव्हा पदवीच्या गर्वाने या प्रश्नाकडे बघू नये.) पण बांबूच्या कांबी घट्ट आवळून पोराला घरी पाठवलं, रात्री सूज वाढली, पोर ओरडायला लागलं, आणि घरच्यांनी 'हाड बसतंय म्हणून दुखतंय' असं समजून सकाळची वाट पाहिली, तर सकाळपर्यंत हात गेलेला असू शकतो. झाडावरून पडून कोपराच्या वर हाड मोडलेली मुलं यात विशेष सापडतात. जर्मन शल्यवैद्य रिखार्ड फोन फोल्कमान याने १८८१ साली हेच लिहून ठेवलं: आवळलेल्या बांधणीने रक्त तुटतं, स्नायू मरतो, आकसतो, आणि बोटं कायमची आत वळून पंज्यासारखी होतात. ते दुखणं आजही त्याच्याच नावाने ओळखलं जातं. रक्त न मिळालेला स्नायू सुमारे सहा तास तग धरतो, पुढे तो परत येत नाही. आणि सहा तास म्हणजे आपल्या डोंगरातली एक वाट.

हा आक्षेप पूर्ण मान्य करूनही माझा निष्कर्ष उलटा निघतो. त्या पोराचा हात कांबीने गेला नाही. कांब तीच, कापड तेच; दवाखान्यातही पट्टीच बांधतात, प्लास्टरही आवळू शकतं. हात गेला, कारण बांधणाऱ्याने बांधलं आणि तो उठून गेला. त्याच्यानंतर बोटांकडे बघण्याचं काम कुणाचंच नव्हतं. म्हणून उपाय 'बांधू नका' हा नाही. बांधणाऱ्याने जखमीच्या शेजारून उठायचं नाही, हा आहे. डोंगरातल्या साथीदाराला निदान या बाबतीत हाडवैद्यापेक्षा सोयीचं आहे: त्याला दुसरा पेशंट नसतो आणि जायला जागाही नसते.

बघायचं काय, तेही अवघड नाही. हाताची किंवा पायाची बोटं बांधणीच्या बाहेर, उघडी. नख दाबायचं, ते पांढरं पडतं, सोडलं की दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं. थंडीत, पावसात भिजलेल्या पायाला जास्त वेळ लागतो, म्हणून दुसऱ्या पायाचं नख दाबून तुलना करायची. मग पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधून वर जाणाऱ्या रेषेत, नाडी चाचपायची; काही निरोगी माणसांत ती लागतच नाही, तेव्हा इथेही दुसरा पाय साक्षीला. मग डोळे मिटायला सांगून, 'कुठल्या बोटाला हात लावला?' मग 'बोटं हलव.' आणि शेवटी, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं: बोटं हळूच आपण ताणून पाहायची आणि चेहऱ्याकडे बघायचं. आतली सूज स्नायूंच्या वेष्टणात कोंडली जाते तेव्हा नाडी बराच वेळ शाबूत राहते, नखंही गुलाबी असतात, पण बोट ताणलं की माणूस कळवळतो आणि दुखणं मोडीच्या मानाने अवाजवी वाढत जातं. 'नाडी लागतेय ना, मग ठीक आहे' हे वाक्य म्हणूनच धोक्याचं. बांधण्याआधी एकदा, बांधल्यावर लगेच, आणि पुढे दर वीस-तीस मिनिटांनी, वाहणाऱ्यांची पाळी बदलते त्या प्रत्येक थांब्यावर हे सगळं करायचं. काही बिघडलं तर पहिल्यांदा बांधणी सैल करायची. तेवढ्याने पुष्कळदा भागतं.

बांधणीचं स्वतःचं शास्त्र थोडक्यात सांगण्यासारखं आहे, पण हातांनीच ते कळतं. वर्गात पोरं सगळ्यात आधी काठी शोधायला धावतात. काठी ही शेवटची वस्तू. आधी पैंजण, जोडवी, बांगड्या, अंगठ्या, मनगटावरचे धागे काढायचे, कारण तासाभराने सुजेत त्या रुततात आणि मग कापाव्या लागतात. मग मऊपणा. नडगी मोडली असेल तर झोपायची फोमची मॅट पायाखालून घेऊन दोन्ही बाजूंनी पन्हळीसारखी वर वळवायची. गुडघ्याच्या मागची पोकळी आणि टाचेच्या वरचा खळगा टॉवेलाने, मोज्यांनी भरायचा, नाहीतर पाय तिथे अधांतरी राहतो. घोट्याच्या बाजूच्या हाडांवर थेट दाब येता कामा नये. बांधणी मोडीच्या वरचा सांधा आणि खालचा सांधा, दोन्ही धरून. नडगीसाठी गुडघाही आणि घोटाही. बांधायला ओढणी, पंचा, पगडीचं कापड उत्तम. नायलॉनची दोरी नको, ती चावते. नेमक्या मोडीच्या जागेवर कापड न बांधता तिच्या वर-खाली बांधायचं आणि गाठ हाडावर न येता बाहेरच्या कडेला घ्यायची. बांधून झालं की कापडाखाली एक बोट सरकलं पाहिजे. सरकत नसेल तर सोडून पुन्हा. मांडीला दोन्ही पाय एकमेकांना बांधणं, मध्ये घोंगडी घालून, हेच पुष्कळदा सर्वांत शहाणपणाचं ठरतं. थॉमसच्या धर्तीवर काठ्यांनी ओढ देण्याची जुगाडं काही पुस्तकांत आहेत. भूल आणि एक्स-रे नसताना, सरावाशिवाय, ती करू नयेत असं मी सांगतो. बुटाबद्दल मात्र मतभेद आहेत. बुटाने घोट्याला आधार मिळतो हे खरं, पण बुटाच्या आतली बोटं दिसत नाहीत. वाट तासाभराची असेल तर नाड्या सैल करून राहू द्यावा. त्याहून लांब असेल तर मी बूट कापायच्या बाजूचा आहे, सात हजारांचा असला तरी.

'हाड मोडलंय की नुसतं मुरगळलंय, हे आम्हाला कसं कळणार?' हा दुसरा प्रश्न. बहुतेकदा कळायची गरज नसते; शंका आली की मोडलंय असं धरून बांधावं, मुरगळलेल्याचं त्याने काही बिघडत नाही. अपवाद एकच, आणि आपल्या वाटांवर तोच रोजचा: घोटा. मुरगळलेला घोटा आवळून माणूस काठी टेकत स्वतः उतरू शकला तर बारा जणांचे आठ तास वाचतात. यासाठी कॅनडातल्या ओटावामध्ये १९९२ साली डॉ. इयान स्टील यांच्या गटाने मांडलेले नियम कामाचे आहेत. ते केले होते अनावश्यक एक्स-रे टाळण्यासाठी, पण डोंगरातही उपयोगी पडतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेला व टोकाला, पावलाच्या आतल्या कमानीच्या उंचवट्यावर आणि करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध लागणाऱ्या हाडावर बोटाने दाबून दुखतं का, आणि लंगडत का होईना चार पावलं टाकता येतात का, एवढंच बघायचं. हाडावर दुखत नाही आणि चार पावलं पडतात, तर मोडलेलं असण्याची शक्यता फार थोडी. सुजेचा आकार मात्र फसवा. मुरगळलेला घोटा कधीकधी मोडलेल्यापेक्षा भलामोठा दिसतो. आणि चोळणं दोन्हींत वर्ज्य. कडकडीत तेलाने चोळून 'जागेवर बसवण्याची' हौस हाडाला तर बाधतेच, वर भाजणंही होतं.

वाकडा झालेला पाय सरळ करावा की नाही, यावर जाणकारांतच एकवाक्यता नाही, आणि ती असल्याचा आव मी आणत नाही. शहरासाठीचं उत्तर स्पष्ट आहे: जसा आहे तसा बांधा. दूरवर, पाऊल थंडगार, पांढरं, नाडी नाही, आणि दवाखाना कित्येक तास दूर, तर गिरिभ्रमणाच्या वैद्यकात लांबीच्या दिशेने हळूच ओढून एकदा सरळ करून पाहण्याला मान्यता आहे. ज्याने ते शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली केलेलं आहे, त्याने ते करावं. इतरांनी आधी बांधणी सोडावी, पायाची स्थिती थोडी बदलून बघावी, आणि फोनवर डॉक्टर मिळवण्याची खटपट करावी. कडेकपारीतही एखाद्या टोकावर रेंज असते. हाड बाहेर आलेलं असेल तर ते आत ढकलायचं नाही. पिण्याच्या पाण्याने माती धुवायची, स्वच्छ ओल्या कापडाने झाकायचं, वाहतं रक्त दाबून धरायचं. हळद, चुना, तंबाखू, कॉफी यांतलं काहीही भरायचं नाही. या माणसाला मात्र घाई आहे: प्रतिजैविक जितकं लवकर तितकं बरं.

'घाई' या शब्दावरच शेवटचा आक्षेप येतो. 'तुम्ही अर्धा तास बांधत बसता, सोनेरी तास निघून जातो.' सोनेरी तासाची कल्पना बाल्टिमोरचे शल्यवैद्य ॲडम्स काउली यांच्या नावावर आहे. तिला साठ मिनिटांचा नेमका आधार काय, हे शोधणाऱ्यांना २००१ पर्यंत तरी ठोस काही सापडलं नव्हतं. तरीही तिच्यातला गाभा खरा आहे. पोटात, छातीत, डोक्यात मार असेल, तर हाताच्या हाडावर वेळ घालवणं हा गुन्हाच. श्वास आणि वाहतं रक्त यांच्या नंतरच हाडाची पाळी. पण एकटी नडगी मोडलेल्या माणसाच्या बाबतीत बांधायला गेलेली वीस मिनिटं पुढे परत मिळतात. न बांधलेला माणूस दर दहा पावलांवर 'थांबा, थांबा' म्हणतो, आणि वाहणारे थांबतात. शहराचा आणखी एक नियम इथे असाच उलटतो. 'ऑपरेशन लागेल, पाणीही देऊ नका.' आजकाल भूल देणारे डॉक्टरसुद्धा नियोजित शस्त्रक्रियेआधी दोन तासांपर्यंत साधं पाणी चालू देतात. एप्रिलच्या उन्हात कातळावर सहा तास पडलेल्या, शुद्धीवर असलेल्या, पोटात मार नसलेल्या माणसाचा घसा कोरडा ठेवण्याने काही साधत नाही. घोट घोट पाणी, पॅरासिटामॉलची गोळी, अंगावर पांघरूण.

कायद्याची भीती अजून आहे, म्हणून दोन ओळी. रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १३४-अ चं संरक्षण आहे. गडावरच्या अपघाताला ते लागू नाही, पण सद्भावनेने, माणसाच्या भल्यासाठी केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३० आहे, जे आधीच्या दंड संहितेतही होतं. जखमी शुद्धीवर असेल तर त्याला विचारूनच हात लावायचा, हे कायद्याआधी माणुसकीचंही आहे. विचारताना त्याला काय करणार ते सांगितलं की तो स्नायूही थोडे सैल सोडतो.

खाली रुग्णवाहिकेपाशी पोचल्यावर ज्या गोष्टी हमखास विचारल्या जातात त्या बहुतेकांना आठवत नाहीत, कारण तोवर आठ तास झालेले असतात आणि वाहणाऱ्या टोळ्या तीनदा बदललेल्या असतात. किती वाजता पडला, पडल्यावर पाय कसा दिसत होता, बांधलं कधी, सैल केलं कधी, गोळी कुठली आणि किती वाजता, पाणी किती. म्हणून प्रत्येक तपासणीला एक ओळ लिहायची, आणि लिहायला कागद नसेल तर बांधलेल्या मॅटवरच, पेनाने किंवा चुलीतल्या कोळशाने. 'दु. १.१० पडला. १.३५ बांधलं, बोटं गरम. ३.०५ अंगठा थंड, वरची गाठ सैल केली. ३.१५ परत गरम. ५.०० गोळी ५०० ची. ६.४० बोटं हलतात, ताणल्यावर दुखत नाही.'